बुटीबोरी, तळेगाव, तळोजा

गेल्या दहा वर्षांत या तीन गावांच्या नावाने महाराष्ट्रात चिपचा किंवा डिस्प्ले पॅनलचा मोठा कारखाना जाहीर झाला. आकडे वीस हजार कोटींपासून दीड लाख कोटींपर्यंतचे. भाषणं झाली, पहिल्या पानावर बातम्या आल्या, एक कारखाना गेला म्हणून आंदोलनंही झाली. या तिन्ही कारखान्यांतून आजवर एकही चिप बाहेर पडलेली नाही. कारण तिन्हींतला एकही उभा राहिला नाही.

मला याचा राग आहे आणि तो लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

गाड्या महाराष्ट्र बनवतो. चाकणला बनवतो, पिंपरीला बनवतो, नाशिकला बनवतो. आमच्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. चिपचं गिऱ्हाईक आपल्या घरात बसलेलं आहे. माल मात्र तैवान, जपान, जर्मनी, चीन, मलेशिया असा फिरत येतो, आणि आता तो देशातच तयार व्हायची वेळ आली तर गुजरात आणि आसामातून येणार आहे. ज्या राज्यात गाडी बनते, त्या राज्यात तिच्या चिपचं काहीही होत नाही, ही गोष्ट विधानसभेत रोज विचारली जायला हवी होती. कोणी विचारत नाही.

हे नागपूरच्या धरमपेठेतून लिहिण्यामागे कारण आहे. राज्याचे मुख्यमंत्री याच वस्तीतले. देवेंद्र फडणवीसांचं अकरावी-बारावीचं शिक्षण धरमपेठच्या कनिष्ठ महाविद्यालयात झालं. इथून हाकेच्या अंतरावर व्हीएनआयटी आहे. 1960 साली सुरू झालेलं हे कॉलेज जुनी माणसं अजूनही व्हीआरसीई म्हणूनच ओळखतात. तिथे व्हीएलएसआय आणि नॅनोटेक्नॉलॉजीचं स्वतंत्र केंद्र आहे, चिपची रचना शिकवणारं एम.टेक. आहे. आणि लक्ष्मीभुवन चौकातून संध्याकाळी ज्या गाड्या जातात, त्यातल्या प्रत्येक नव्या गाडीच्या पोटात हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त चिप्स आहेत. काच वर करणारी वेगळी, एअरबॅग कधी फुगवायची ते ठरवणारी वेगळी, ब्रेकची वेगळी, बॅटरीची वेगळी. राज्यकर्ता इथला, शिकणारी पोरं इथली, गिऱ्हाईक इथलं. मधला कारखाना तेवढा नाही.

2021 आठवा. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत गाडी कंपन्यांनी घाबरून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. रिकामी झालेली जागा लॅपटॉप आणि मोबाइलवाल्यांनी पटकन भरली. गाड्यांची मागणी परत आली तोवर गाडीवाले रांगेच्या शेवटी जाऊन पडले होते. त्यांची तिथे पत तरी किती? टीएसएमसी ही तैवानची कंपनी म्हणजे जगातली सर्वांत मोठी कंत्राटी चिप कारखानदार. दुसऱ्याने आखलेली चिप ती बनवून देते. तिच्या 2020च्या उत्पन्नात गाड्यांच्या चिप्सचा वाटा होता फक्त 3 टक्के. त्यात फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या हिमवादळाने ऑस्टिनमधले एनएक्सपी आणि इन्फिनियनचे कारखाने बंद पाडले. मार्चमध्ये जपानच्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली.

त्याची झळ थेट महाराष्ट्रात आली. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्राने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही 700ची नोंदणी उघडली आणि 57 मिनिटांत 25,000 गाड्या नोंदल्या गेल्या. मग लोक वर्ष-वर्ष, दीड-दीड वर्ष वाट बघत बसले. गाडी आपल्याच राज्यात बनणारी, मजूर आपले, पत्रा तयार, इंजिन तयार. अडकलं होतं ते बोटाच्या नखाएवढ्या चिपपाशी.

जगातल्या गाडी कंपन्यांनी यातून धडा घेतला. गाडीच्या चिपच्या धंद्यात पाच नावं मोठी: जर्मनीची इन्फिनियन, नेदरलँड्सची एनएक्सपी, युरोपचीच एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि जपानची रेनेसास. पहिला नंबर इन्फिनियनचा. एकेका गाडीत आपली चिप बसावी म्हणून या पाच जणी वर्षानुवर्षं झुंजतात, कारण एकदा चिप गाडीत शिरली की ते मॉडेल चालेल तोवर तिचा पुरवठा करायचा असतो. बऱ्याच साध्या चिप्स या कंपन्या स्वतःच्या कारखान्यात करतात, पण गाडीचा बारीक मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर मोठ्या प्रमाणात टीएसएमसीकडून कंत्राटाने करून घेतात.

आता बघा. ऑगस्ट 2024 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला टीएसएमसीच्या नव्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. खर्च दहा अब्ज युरोंहून अधिक. 70 टक्के भागीदारी टीएसएमसीची, आणि बॉश, इन्फिनियन, एनएक्सपी यांची प्रत्येकी 10 टक्के. बाजारात एकमेकींचा घास ओढणाऱ्या कंपन्या एका छपराखाली आल्या. जपानात कुमामोतोला तेच घडलं: टीएसएमसीबरोबर सोनी, डेन्सो आणि टोयोटा. दोन्ही कारखाने जिथे गाड्या बनतात त्या देशात आहेत. गिऱ्हाइकाने कारखानदाराला आपल्या दाराशी आणलं आणि त्यासाठी स्वतः पैसे घातले. याच बॉशचा नाशिकला मोठा कारखाना आहे. टाटा मोटर्स पिंपरीत आहे, महिंद्रा चाकणला आणि नाशिकला. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून कोणत्या मुख्यमंत्र्याने, कोणत्या उद्योगमंत्र्याने विचारलं, की तुमच्या चिप्सचं काय करायचं? विचारलं असेल तर त्यातून काही उभं राहिलेलं दिसत नाही.

दुसरा धडा 2025च्या ऑक्टोबरचा, आणि तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. नेक्सपीरिया ही चिनी मालकीची डच कंपनी. डायोड, ट्रान्झिस्टर अशा साध्या, काही पैशांना किंवा रुपया-दोन रुपयांना मिळणाऱ्या चिप्स बनवते. प्रत्येक गाडीत त्या शेकड्यांनी लागतात. डच सरकारने कंपनीचा ताबा घेतला, चीनने तिच्या तिथल्या मालाची निर्यात अडवली आणि होंडाला उत्तर अमेरिकेतलं उत्पादन कमी करावं लागलं. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे: त्यातल्या कितीतरी चिप्सच्या चकत्या, म्हणजे वेफर, जर्मनीत हॅम्बुर्गला बनलेल्या होत्या. पण त्या कापून, तारा जोडून, कवच चढवून, तपासून तयार करायचं काम चीनमध्ये दोंगुआनला होत होतं. युरोपात जन्मलेला माल युरोपच्या कामी आला नाही, कारण शेवटचा हात दुसरीकडे फिरत होता. चकती बनवणारा कारखाना जितका मोलाचा, तितकंच हे पॅकेजिंग आणि चाचणीचं काम मोलाचं आहे. ते तुलनेने थोड्या पैशांत होतं. आणि त्यात आयटीआय-डिप्लोमावाल्या पोरांना हजारोंनी काम मिळतं.

आता आपल्या तीन गावांकडे येऊ.

बुटीबोरी. फेब्रुवारी 2016, मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह. वेदांता समूहाशी संबंधित ट्विनस्टार डिस्प्ले टेक्नॉलॉजीजने बुटीबोरीत वीस हजार कोटींचा एलसीडी पॅनलचा कारखाना काढण्याचा सामंजस्य करार केला. नागपूरभर चर्चा झाली, जागांचे भाव बोलले जाऊ लागले. कारखाना आला नाही. त्याआधी ऑगस्ट 2015 मध्ये फॉक्सकॉनने राज्याशी पाच अब्ज डॉलरचा करार केला होता. तोही बारगळल्याचं 2020 साली तेव्हाच्या उद्योगमंत्र्यांनी सांगून टाकलं.

तळेगाव. वेदांता आणि फॉक्सकॉन मिळून 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प. 13 सप्टेंबर 2022ला तो गुजरातला गेल्याचं जाहीर झालं आणि महाराष्ट्र पेटला. आधीच्या सरकारमुळे गेला की नव्या सरकारमुळे, यावर महिनोन् महिने भांडण चाललं. दहा महिन्यांनी, जुलै 2023 मध्ये, फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि प्रकल्प गुजरातेतही झाला नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण जणू याच भांडणासाठी जन्मली. दोघांपैकी कोणीही आधी कधी अशी चिप बनवलेली नव्हती. तंत्र दुसऱ्याकडून घ्यायचं होतं आणि ते हाती आलं नव्हतं. हा साधा प्रश्न भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी विचारला नाही: तंत्र कोणाचं?

तळोजा. सप्टेंबर 2024. इस्रायलची टॉवर सेमिकंडक्टर आणि अदानी समूह, एकूण 83,947 कोटी. इथे तंत्र होतं. टॉवर ही खरीखुरी कंत्राटी चिप कंपनी आहे, गाड्यांच्या चिप्स बनवते. विधानसभा निवडणुकीच्या अडीच महिने आधी घोषणा झाली. मे 2025 मध्ये बातमी आली की अदानींनी बोलणी थांबवली, धंद्याचं गणित बसत नाही म्हणून. घोषणेच्या बातमीला जितकी जागा मिळाली त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही या बातमीला मिळाली नाही. मंत्र्यांकडून खुलासा मागायला तर कोणालाच सवड नव्हती.

दरम्यान देशात काय झालं ते बघा. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटींची चिप योजना आणली. ऑगस्ट 2025पर्यंत तिच्यात दहा प्रकल्प मंजूर झाले: गुजरातेत चार, ओडिशात दोन, आसाम, उत्तर प्रदेश, पंजाब आणि आंध्रात प्रत्येकी एक. महाराष्ट्रात एकही नाही. नवी मुंबईत महापेला एका पॅकेजिंग प्रकल्पाचं सप्टेंबर 2024 मध्ये उद्घाटन झालं, पण तो या दहांतला नाही. देशाची आर्थिक राजधानी, गाड्यांची राजधानी, आणि दहांच्या यादीत नाव नाही.

गुजरातने जुलै 2022 मध्ये चिपसाठी स्वतंत्र धोरण काढलं. केंद्र जेवढी मदत देईल तिच्या 40 टक्के वरून राज्याची, पहिल्या 200 एकर जमिनीवर 75 टक्के सवलत, पाणी घनमीटरला 12 रुपये, विजेला युनिटमागे दोन रुपये अनुदान. सगळं छापील, आधीच ठरलेलं. कंपनीला मंत्रालयात हेलपाटे घालावे लागले नाहीत. गुजरातला कसली खास वागणूक मिळते यावर बोलणारे बोलोत. त्यातलं काही खरंही असेल. पण कागद आधी तयार ठेवला, हे श्रेय त्यांचं आहे.

आणि हे करणारे लोक कोण? सीजी पॉवर. जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, मुख्य कचेरी मुंबईत. तिने 7,600 कोटींचा पॅकेजिंग आणि चाचणीचा प्रकल्प साणंदला नेला. भागीदार कोण? तीच रेनेसास, जिच्या नाका इथल्या कारखान्याच्या आगीने 2021 मध्ये जगभरच्या गाड्या अडल्या. गाड्यांच्या चिप्स बनवणारी जपानची अव्वल कंपनी मुंबईच्या कंपनीचा हात धरून भारतात आली आणि महाराष्ट्राची सीमा ओलांडून साणंदला उतरली. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे पहिली प्रायोगिक लाइन सुरूही झाली. टाटांचं तेच. 91,000 कोटींचा चकत्यांचा कारखाना तैवानच्या पॉवरचिपचं तंत्र घेऊन धोलेराला, आणि 27,000 कोटींचा पॅकेजिंगचा कारखाना आसामात जागीरोडला. टाटांची कचेरीही मुंबईतच आहे. वेदांता-फॉक्सकॉनसाठी रस्त्यावर उतरलेल्या एकाही पक्षाने या तिन्हींसाठी घोषणा दिलेली मला आठवत नाही. ज्यांच्याकडे तंत्र होतं आणि पैसाही होता, ते शांतपणे निघून गेले.

जागीरोडकडे नागपूरकरांनी नीट बघावं. जुनी बंद पडलेली कागद गिरणी होती तिथे. समुद्र नाही, मोठं औद्योगिक शहर नाही. तरी दिवसाला 4 कोटी 80 लाख चिप्स तयार करण्याची क्षमता ठरवून कारखाना उभा राहतोय, आणि त्यातल्या अनेक चिप्स गाड्यांत जायच्या आहेत. "नागपूर बंदरापासून दूर पडतं ना भाऊ," हे कारण आम्ही पन्नास वर्षं ऐकतोय. चिप बोटीने जात नाही. ती विमानाने जाते. मिहानचं औद्योगिक क्षेत्र विमानतळाला लागून आहे, आणि विमानतळ देशाच्या मधोमध आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: नागपूरला फॅब मागू नका. चकत्या बनवणारा कारखाना म्हणजे नव्वद हजार कोटी, अतिशुद्ध पाण्याचे लोट, आणि तंत्र देणारा परदेशी भागीदार. तो एखाद्याच ठिकाणी होतो आणि धोलेराला होतोय. नागपूरला मागायचा तो गाड्यांच्या चिप्सचा पॅकेजिंग आणि चाचणीचा कारखाना. चकती पातळ करायची, कापायची, तुकडा चौकटीवर बसवायचा, केसाहून बारीक तारा जोडायच्या, वर काळं कवच ओतायचं. मग चाचणी. मोबाइलची चिप साधारण खोलीच्या तापमानात तपासली तरी भागतं. गाडीची चिप गोठवून तपासतात, साध्या तापमानात तपासतात आणि तापवून तपासतात. उणे 40पासून 125 अंशांपर्यंत, काही ठिकाणी 150पर्यंत. ही चाचणी वेळखाऊ, महागडी आणि कसबाची असते, आणि गाड्यांच्या चिपमध्ये पैसे इथेच मिळतात.

याला लागतं काय? वीज: कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आपल्याच विदर्भात धूर सोडतात. पाणी: पॅकेजिंगला फॅबपेक्षा खूप कमी लागतं, आणि नागपूर भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतं, तेही दिवसाला 130 दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून. हे काम देशात फार थोड्या शहरांना जमलंय. जमीन: बुटीबोरी आणि मिहान. माणसं: व्हीएनआयटी, ट्रिपलआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई या अभियांत्रिकी संस्था, आणि 1914 पासूनचं शासकीय तंत्रनिकेतन.

ही माणसं आज कुठे आहेत ते धरमपेठेतल्या कोणत्याही घरात विचारा. मुलगी बेंगळुरूला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये, पुतण्या नोएडाला एनएक्सपीत, शेजारच्या काकूंचा नातू हैदराबादला. दिवाळीला येतात, चार दिवस राहतात, जातात. जगातल्या चिप आखणाऱ्या इंजिनीअरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा भारतात आहे असं सरकारच सांगतं. त्यात नागपूरची पोरं भरपूर आहेत. त्यांना परत यायचं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याशी बोलावं. परत यायला जागा नाही, एवढंच.

आणखी एक आठवण करून देतो. 1 जानेवारी 1877ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात. मुंबईत गिरण्या भरभराटीत असताना ते इथे आले, कारण कापूस इथे होता, कोळसा जवळ होता आणि रेल्वे आली होती. टाटांच्या मोठ्या उद्योगाची सुरुवात या गावाने बघितली आहे. 2002 मध्ये ती मिल सरकारच्या हाताखाली कायमची बंद पडली. दीडशे वर्षांपूर्वी कच्चा माल बघून उद्योग नागपूरला आला. चिपचा खरा कच्चा माल शिकलेली माणसं आहेत, आणि ती आपण दरवर्षी रेल्वेत बसवून बाहेर पाठवतो.

मुख्यमंत्र्यांकडे माझी मागणी मोठी नाही. बुटीबोरी, तळेगाव, तळोजा या तिन्ही प्रकल्पांचं पुढे काय झालं, ते सरकारने एका कागदावर छापून लोकांपुढे ठेवावं: करार झाला होता का, तंत्र कोणाचं होतं, जमीन दिली का, परत घेतली का, का फिसकटलं. दुसरं, महिंद्रा, टाटा मोटर्स, बजाज, बॉश यांना बोलावून गाड्यांच्या चिप्सच्या पॅकेजिंगसाठी किती माल ते हमीने घेतील, हे लेखी घ्यावं. हमीचं गिऱ्हाईक दाखवलं की इन्फिनियन असो, एनएक्सपी असो, बोलायला येईल. आणि यापुढे ज्या प्रकल्पात तंत्र देणाऱ्याची सही नाही, त्याची घोषणा करू नये. निवडणूक असली तरी करू नये.

आणि वाचकहो, तुमचंही एक काम आहे. नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथेच भरतं, सिव्हिल लाइन्सला, धरमपेठेपासून पंधरा मिनिटांवर. डिसेंबरात सगळे आमदार इथे असतात. अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला पत्र लिहा, तारांकित प्रश्न टाकायला सांगा आणि उत्तरात तारीख मागा. कारखान्याचं नाव नको, कोटींचा आकडा नको. पहिली चिप कुठल्या महिन्यात बाहेर पडणार, ती तारीख.